रसायनशास्त्र : गुण जातात ते अभ्यासाअभावी की शब्दांमुळे?

वैद्यकीय प्रवेशासाठीच्या 'नीट' परीक्षेतील एका प्रश्नाचे बरोबर उत्तर कोणते, हे ठरविण्याची वेळ जुलै २०२४ मध्ये थेट सर्वोच्च न्यायालयावर आली होती. प्रश्नात दोन विधाने होती. अणू विद्युतदृष्ट्या उदासीन असतो, हे पहिले विधान. प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात आणि आपला वैशिष्ट्यपूर्ण वर्णपट उत्सर्जित करतात, हे दुसरे. राष्ट्रीय परीक्षा संस्थेने या प्रश्नासाठी दोन पर्याय बरोबर मानून दोन्हींना गुण दिले होते. जुन्या आवृत्तीच्या पाठ्यपुस्तकातील मजकुराचा आधार घेतल्यास एक उत्तर योग्य ठरत होते आणि नव्या आवृत्तीप्रमाणे दुसरे.

सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने दिल्लीच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या संचालकांना तीन तज्ज्ञांची समिती नेमण्यास सांगितले. समितीने दुसऱ्याच दिवशी अहवाल दिला आणि चौथा पर्याय, म्हणजे पहिले विधान बरोबर व दुसरे चूक, हे एकमेव उत्तर असल्याचे स्पष्ट केले. किरणोत्सारी मूलद्रव्यांचे अणू स्थिर नसतात. तेव्हा 'प्रत्येक मूलद्रव्य' हा शब्दप्रयोग टिकत नाही. या एका निर्णयाने चार लाखांहून अधिक विद्यार्थ्यांचे प्रत्येकी पाच गुण कमी झाले. मिळालेले चार गेले आणि चुकीच्या उत्तराचा एक वजा झाला. प्रारंभीच्या निकालात ७२० पैकी ७२० गुण मिळविणारे ६७ विद्यार्थी होते. फेरपरीक्षा आणि उत्तरसूचीतील या दुरुस्तीनंतरच्या अंतिम निकालात ती संख्या १७ वर आली.

हा प्रश्न भौतिकशास्त्राच्या विभागातील होता. तथापि अणूची रचना हा विषय रसायनशास्त्राच्या वर्गातही तितकाच शिकविला जातो आणि त्या प्रकरणाने पुढे आणलेला मुद्दा रसायनशास्त्राला अधिक लागू पडतो. पुस्तकातील वाक्य पाठ असणे आणि त्यामागील संकल्पना समजलेली असणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. अकरावी-बारावीच्या रसायनशास्त्रात वर्षानुवर्षे त्याच त्या ठिकाणी गुण जातात. या ठिकाणांकडे बारकाईने पाहिले, तर दोष केवळ विद्यार्थ्यांच्या आळसाचा नाही, असे दिसून येते.

परीक्षेचे बदलते स्वरूप

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये पाठांतराऐवजी आकलनावर भर देण्याची भूमिका घेण्यात आली. त्यानुसार केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने अकरावी व बारावीच्या प्रश्नपत्रिकांतील क्षमताधिष्ठित प्रश्नांचे प्रमाण २०२४-२५ या वर्षापासून ४० वरून ५० टक्क्यांवर नेले. प्रसंग देऊन विचारलेले प्रश्न, तक्त्यावरून निष्कर्ष काढण्याचे प्रश्न आणि 'विधान व कारण' या प्रकारचे प्रश्न त्यात मोडतात.

यातील शेवटचा प्रकार विद्यार्थ्यांना विशेष अडचणीत टाकतो. विधान बरोबर असते, कारणही स्वतंत्रपणे बरोबर असते. परंतु ते त्या विधानाचे कारण असतेच असे नाही. दोन्ही वाक्ये पुस्तकात वाचल्याची आठवण असलेला विद्यार्थी निःशंकपणे पहिला पर्याय निवडतो आणि चुकतो. एकेकाळी अशी वाक्ये लिहून पूर्ण गुण मिळत होते. आता तीच सवय तोट्याची ठरू लागली आहे.

दुसरीकडे अभ्यासक्रमाला कात्री लागली आहे. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने २०२२-२३ मध्ये केलेल्या फेररचनेत अकरावीच्या रसायनशास्त्रातून पदार्थाच्या अवस्था, हायड्रोजन आणि एस-खंडातील मूलद्रव्ये ही प्रकरणे वगळली, तर बारावीतून स्थायू अवस्था, पृष्ठीय रसायनशास्त्र आणि बहुवारिके ही प्रकरणे गेली. दहावीच्या पुस्तकातील मूलद्रव्यांच्या आवर्ती वर्गीकरणाचे प्रकरण वगळण्यावरून २०२३ मध्ये मोठा वाद झाला. हा विषय अकरावीत कायम असल्याचे परिषदेने त्यावेळी स्पष्ट केले होते. अभ्यासाचा भार हलका करणे हा यामागील हेतू होता. मात्र प्रकरण वगळले तरी त्यातील कल्पना इतर प्रकरणांत डोकावत राहतात आणि तेथे विद्यार्थ्याचा पाय घसरतो.

बावीस पूर्णांक चार की सात?

याचे ठळक उदाहरण म्हणजे वायूंचे मोलीय आकारमान. मानक तापमान व दाबाला एक मोल आदर्श वायू २२.४ लिटर जागा व्यापतो, हे वाक्य अनेक पिढ्यांनी पाठ केले. त्यात शून्य अंश सेल्सिअस तापमान आणि एक वातावरण इतका दाब गृहीत आहे. शुद्ध व उपयोजित रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९८२ मध्ये मानक दाबाची व्याख्या बदलून तो एक बार इतका ठरविला. एक बार हा एक वातावरणापेक्षा किंचित कमी असल्याने त्या दाबाला हेच आकारमान सुमारे २२.७ लिटर होते.

फरक जेमतेम सव्वा टक्क्याचा आहे. पर्याय एकमेकांपासून दूर असतील तर तो जाणवतही नाही. पर्याय जवळचे असले की विद्यार्थ्याची पंचाईत होते, कारण घरात थोरल्या भावंडाच्या वहीत २२.४ असते आणि पुस्तकात २२.७. हा फरक सविस्तर समजावून सांगण्याची स्वाभाविक जागा म्हणजे वायुरूप अवस्थेचे प्रकरण. तेच आता वगळण्यात आले आहे. प्रश्नात कोणता दाब दिला आहे हे प्रथम पाहावे आणि मगच आकडा वापरावा, एवढाच यावरील उपाय आहे.

याच आकड्याशी निगडित आणखी एक चूक अधिक गंभीर आहे. मानक तापमान व दाबाला एक मोल पाण्याचे आकारमान किती, असे विचारल्यास अनेकजण २२.४ लिटर असे उत्तर देतात. त्या परिस्थितीत पाणी वायुरूप नसते. एक मोल पाणी म्हणजे १८ ग्रॅम, अर्थात जेमतेम १८ मिलिलिटर. आकडा पाठ आहे, परंतु तो केवळ वायूंना लागू आहे ही अट विस्मरणात गेली आहे.

ग्रॅमचा हिशेब मोलला लागू पडत नाही

रसायनशास्त्रातील बहुतेक गणिती चुकांचे मूळ मोल या संकल्पनेत सापडते. मोल म्हणजे कणांची ठरावीक संख्या. २० मे २०१९ पासून ही संख्या ६.०२२१४०७६ गुणिले दहाचा तेविसावा घात अशी नेमकी ठरविण्यात आली आहे. पूर्वी मोलची व्याख्या कार्बन-१२ च्या १२ ग्रॅमशी जोडलेली होती. मोल ही वस्तुमानाचीच दुसरी एक पद्धत आहे, असा समज त्यामुळे अनेकांच्या मनात घट्ट बसलेला आहे.

याचा फटका मर्यादाकारक अभिक्रियाकारकाच्या प्रश्नात बसतो. चार ग्रॅम हायड्रोजन आणि सोळा ग्रॅम ऑक्सिजन यांची पूर्ण अभिक्रिया झाल्यास किती पाणी तयार होईल, असा प्रश्न घेऊ. हायड्रोजन वजनाने कमी, म्हणून तोच आधी संपणार, असे उत्तर सर्रास दिले जाते. प्रत्यक्षात चार ग्रॅम हायड्रोजन म्हणजे दोन मोल आणि सोळा ग्रॅम ऑक्सिजन म्हणजे अर्धा मोल. दोन मोल हायड्रोजनला एक मोल ऑक्सिजन लागतो. तो येथे निम्माच आहे. म्हणजे ऑक्सिजन आधी संपतो, १८ ग्रॅम पाणी तयार होते आणि दोन ग्रॅम हायड्रोजन शिल्लक राहतो. आरंभीचे एकूण वीस ग्रॅम आणि शेवटचेही वीस ग्रॅम. शेवटी हा ताळा करून पाहण्याची सवय असती, तर परीक्षेतील कित्येक गुण वाचले असते.

तीव्र आणि संहत यांतील गल्लत

आम्लांच्या संदर्भात 'तीव्र' आणि 'संहत' हे दोन शब्द बोलण्यात एकाच अर्थाने वापरले जातात. रसायनशास्त्रात त्यांचे अर्थ स्वतंत्र आहेत. पाण्यात विरघळल्यावर आम्लाचे किती प्रमाणात आयनीभवन होते, यावर त्याची तीव्रता ठरते. द्रावणात आम्ल किती आहे, यावर संहती ठरते. हायड्रोक्लोरिक आम्ल कितीही विरल केले तरी ते तीव्र आम्लच राहते. ॲसेटिक आम्ल कितीही संहत असले तरी ते सौम्यच असते.

पीएच मूल्याच्या एका प्रश्नाने तर स्पर्धा परीक्षांत कायमचे स्थान मिळविले आहे. हायड्रोक्लोरिक आम्लाचे द्रावण इतके विरल केले की त्याची संहती दहाचा उणे आठवा घात इतकी राहिली, तर पीएच किती? सूत्रात आकडा टाकला की उत्तर आठ येते. आठ म्हणजे द्रावण आम्लारिधर्मी. आम्लात पाणी घालत गेल्याने ते आम्लारी कसे होईल, हा साधा प्रश्न विद्यार्थ्याच्या मनात येत नाही. इतक्या विरल द्रावणात पाण्याच्या स्वतःच्या आयनीभवनातून येणारे हायड्रोजन आयन आम्लातून येणाऱ्या आयनांपेक्षा कितीतरी अधिक असतात. ते हिशेबात घेतल्यास उत्तर सुमारे ६.९८ येते. म्हणजे सातच्या किंचित खाली. आम्ल विरल करून त्याचा पीएच सातच्या पलीकडे नेता येत नाही.

सात हा आकडाही निरपवाद नाही. उदासीन द्रावणाचा पीएच सात असतो तो २५ अंश सेल्सिअसला. तापमान वाढले की पाण्याचे आयनीभवन वाढते आणि ६० अंशांना शुद्ध पाण्याचा पीएच ६.५ च्या आसपास येतो. म्हणून ते पाणी आम्लधर्मी होत नाही; हायड्रोजन आणि हायड्रॉक्साइड आयन तेथेही समप्रमाणातच असतात.

समतोल म्हणजे विराम नव्हे

रासायनिक समतोल हे प्रकरण विद्यार्थ्यांच्या नापसंतीच्या यादीत वरचे मानले जाते. समतोल साधला म्हणजे अभिक्रिया थांबली, किंवा अभिक्रियाकारक व उत्पादिते यांची संहती समान झाली, असे दोन समज येथे आढळतात. दोन्ही चूक आहेत. समतोलात पुरोगामी आणि प्रतिगामी या दोन्ही अभिक्रिया चालूच असतात. समान असतात ते त्यांचे वेग. संहती समान असण्याची गरज नसते, ती केवळ बदलत नाही. तराजूची दोन पारडी सारखी होणे या दैनंदिन चित्रामुळे हा गोंधळ होतो.

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ले शातेलिए यांनी १८८४ मध्ये मांडलेले तत्त्व येथे मंत्रासारखे म्हटले जाते. दाब वाढविला की समतोल कमी मोल असलेल्या बाजूस सरकतो, हे वाक्य विद्यार्थ्याला ठाऊक असते. परंतु बंद भांड्याचे आकारमान कायम ठेवून त्यात आर्गॉनसारखा निष्क्रिय वायू सोडला तर काय होईल? एकूण दाब निश्चित वाढतो. तरीही अभिक्रियेत भाग घेणाऱ्या वायूंचे आंशिक दाब तसेच राहिल्याने आदर्श वायूंच्या बाबतीत समतोल जागचा हलत नाही. त्याचप्रमाणे चुनखडीच्या विघटनाच्या समतोलात आणखी थोडी चुनखडी टाकल्याने कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण वाढत नाही, कारण शुद्ध स्थायूच्या राशीचा समतोल स्थिरांकाशी संबंध नसतो.

उत्प्रेरकाविषयीचा गैरसमज तितकाच चिवट आहे. उत्प्रेरकाने उत्पादन वाढते, असे लिहिणाऱ्या उत्तरपत्रिका कमी नसतात. उत्प्रेरक दोन्ही दिशांचे वेग सारख्याच पटीने वाढवितो. समतोल लवकर येतो, पण तो येतो त्याच जागी. अमोनियाच्या औद्योगिक निर्मितीत लोखंडाचा उत्प्रेरक असूनही सुमारे दोनशे वातावरणांचा दाब वापरावा लागतो, तो यासाठीच. ही अभिक्रिया उष्मादायी असल्याने कमी तापमान उत्पादनास अनुकूल असते, पण त्या तापमानाला तिचा वेग फारच मंदावतो. म्हणून चारशे ते पाचशे अंश सेल्सिअसचा मधला मार्ग स्वीकारला जातो. खताच्या प्रत्येक गोणीमागे ही तडजोड आहे. ती एकदा समजली की तापमान, दाब आणि उत्प्रेरक यांविषयीच्या प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी पाठ करावी लागत नाहीत.

बंध तुटतो तेव्हा ऊर्जा लागते

रासायनिक बंधांत ऊर्जा साठविलेली असते आणि बंध तुटल्यावर ती बाहेर पडते, ही कल्पना शालेय वयात इतकी रुजते की महाविद्यालयातही ती सुटत नाही. इंधनात किंवा अन्नात ऊर्जा 'साठविलेली' असते, ही जीवशास्त्राच्या वर्गातील भाषा तिला खतपाणी घालते. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. बंध तोडण्यासाठी ऊर्जा द्यावी लागते आणि नवा बंध तयार होताना ऊर्जा बाहेर पडते.

हायड्रोजनच्या ज्वलनाचा हिशेब पाहावा. दोन मोल हायड्रोजनमधील बंध तोडण्यास प्रत्येकी ४३६ किलोज्यूल आणि एक मोल ऑक्सिजनमधील बंध तोडण्यास सुमारे ४९८ किलोज्यूल, अशी एकूण १,३७० किलोज्यूल ऊर्जा खर्च होते. दोन मोल पाण्याच्या वाफेत चार मोल नवे बंध तयार होतात आणि प्रत्येकी सुमारे ४६३ प्रमाणे १,८५२ किलोज्यूल मिळतात. निव्वळ प्राप्ती ४८२ किलोज्यूल. उष्णता मिळाली ती बंध तुटल्यामुळे नव्हे, तर तुटलेल्या बंधांपेक्षा जोडले गेलेले बंध अधिक मजबूत असल्यामुळे. बंध ऊर्जेवरील गणितात अधिक-उणे चिन्हांची उलटापालट होते, तिचे कारण हेच आहे.

याच्या जोडीला 'उत्स्फूर्त' हा शब्द येतो. ऊष्मागतिकीत उत्स्फूर्त म्हणजे बाहेरून कार्य न करता घडू शकणारी प्रक्रिया. व्यवहारात मात्र उत्स्फूर्त म्हणजे तत्काळ, आपोआप उसळून आलेले. सामान्य तापमान व दाबाला हिऱ्याचे ग्रॅफाइटमध्ये रूपांतर ही उत्स्फूर्त प्रक्रिया आहे. तरीही कोणाच्या अंगठीतील हिरा काळा पडलेला नाही. प्रक्रिया घडू शकते की नाही आणि ती किती वेगाने घडेल, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

धनाग्र नेहमी धन असते काय?

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याची खरी कसोटी विद्युत रसायनशास्त्रात लागते. दहावीपर्यंतच्या पुस्तकांत ॲनोडला 'धनाग्र' आणि कॅथोडला 'ऋणाग्र' म्हणतात. विद्युत अपघटनाच्या प्रयोगात ही नावे चपखल बसतात, कारण तेथे ॲनोड बॅटरीच्या धन टोकाला जोडलेला असतो. बारावीत गॅल्व्हानी घट आला की चित्र उलटते. जस्त आणि तांब्याच्या डॅनियल घटात जस्ताचा ॲनोड हे ऋण टोक असते. म्हणजेच 'धनाग्र' ऋण असते!

इंग्रजी नावांत ही अडचण नाही. मायकेल फॅरडे यांनी १८३४ मध्ये विल्यम ह्यूएल यांच्या सल्ल्याने ही नावे रूढ केली. ग्रीक भाषेतील मुळांनुसार त्यांचे अर्थ 'वर जाणारी वाट' आणि 'खाली जाणारी वाट' असे आहेत. त्यांत धन-ऋण चिन्हांचा उल्लेख नाही. मराठी प्रतिशब्द तयार करताना विद्युत अपघटनाचे चित्र समोर राहिले आणि चिन्ह नावातच उतरले. ज्या टोकाशी ऑक्सिडीकरण होते तो ॲनोड आणि ज्या टोकाशी क्षपण होते तो कॅथोड, ही व्याख्या दोन्ही प्रकारच्या घटांना लागू पडते. ती धरून चालल्यास चिन्हे पाठ करण्याची आवश्यकताच राहत नाही.

'ऑक्सिडीकरण' या शब्दाचेही तसेच आहे. ऑक्सिजनशी संयोग म्हणजे ऑक्सिडीकरण, ही शाळेतील व्याख्या अकरावीत इलेक्ट्रॉन गमावण्यापर्यंत विस्तारते. मॅग्नेशियम व क्लोरीन यांच्या अभिक्रियेत ऑक्सिजनचा मागमूसही नाही, तरी मॅग्नेशियमचे ऑक्सिडीकरण होते. अर्थात नावांनी दिशाभूल करण्याची परंपरा जुनीच आहे. लव्हाझिए यांनी 'ऑक्सिजन' हे नाव ठेवले ते 'आम्ल निर्माण करणारा' या अर्थाने. हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजन नसतोच, हे पुढे हम्फ्री डेव्ही यांनी दाखवून दिले. नाव मात्र तसेच राहिले.

राज्य बदलले की शब्द बदलतो

महाराष्ट्राबाहेरील मराठी कुटुंबांपुढे आणखी एक प्रश्न असतो. इंदूर, ग्वाल्हेर किंवा दिल्ली येथे हिंदी माध्यमात शिकणाऱ्या मुलाला घरी मराठीतून शिकविताना साधे शब्दही दगा देतात. मराठीत 'अणू' हा मूलद्रव्याचा लहानात लहान कण आणि अणूंच्या संयोगाने बनतो तो 'रेणू'. हिंदीत पहिल्याला 'परमाणु' म्हणतात आणि दुसऱ्याला 'अणु'. एकच शब्द, दोन भाषांत दोन अर्थ. गुजरातीतही परमाणू व अणू अशीच विभागणी असल्याने बडोद्यातील मराठी घरांतही हीच स्थिती उद्भवते. ऑक्सिजनच्या एका 'अणू'चे वस्तुमान किती, या प्रश्नाचे उत्तर १६ की ३२, हे पुस्तक कोणत्या भाषेतील आहे यावर अवलंबून राहते.

'क्षार' हा शब्द तर त्याहून फसवा आहे. महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकांत आम्ल व आम्लारी यांच्या संयोगातून जो तयार होतो तो क्षार. हिंदीत त्यालाच 'लवण' म्हणतात, आणि 'क्षार' हा शब्द पाण्यात विरघळणाऱ्या आम्लारीसाठी, म्हणजे मराठीतील अल्कासाठी, राखून ठेवलेला आहे. आजोबांनी मराठीतून सांगितलेले वाक्य नातवाच्या हिंदी पुस्तकात चूक ठरते. वास्तविक दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात.

महाराष्ट्रात वेगळी अडचण आहे. दहावीपर्यंत विज्ञान मराठीत शिकलेला विद्यार्थी अकरावीला विज्ञान शाखेत गेला की जवळजवळ एका रात्रीत त्याचे शिक्षण इंग्रजीतून सुरू होते. आम्लारी, संयुजा, क्षपण हे सारे परिचित शब्द एकदम निरुपयोगी होतात. नव्या शब्दांशी जुन्या अर्थाचा सांधा जोडून देण्यास वर्गात वेळ नसतो. मग विद्यार्थी इंग्रजी वाक्ये जशीच्या तशी पाठ करतो. 'नीट' परीक्षा मराठीसह तेरा भाषांत देण्याची सोय २०२१ पासून झाली. परंतु भाषांतराविषयी मतभेद झाल्यास इंग्रजी प्रश्नच अंतिम मानला जातो.

विज्ञान शिक्षणातील भाषेच्या अडसराची जाणीव नवी नाही. मुंबईतील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राची स्थापना १९७४ मध्ये झाली. या केंद्राने आरंभीच्या काळातच जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरात ग्रामीण शाळांबरोबर काम केले आणि विज्ञानाच्या धड्यांची भाषा हा आकलनातील मोठा अडथळा असल्याचे निदर्शनास आणले. तेव्हा प्राथमिक व माध्यमिक शाळांच्या संदर्भात उपस्थित झालेला हा प्रश्न आज अकरावीच्या उंबरठ्यावर तितकाच उभा आहे.

अपवाद पाठ, नियम विसरलेला

काही चुका मात्र शब्दांमुळे नव्हे, तर नियम अर्धवट समजल्याने होतात. अणूत इलेक्ट्रॉन भरताना ४एस ही कक्षिका ३डीच्या आधी भरते, हे सर्वांना माहीत असते. त्यावरून आयन तयार होताना इलेक्ट्रॉन ३डीमधून आधी जात असावेत, असा तर्क केला जातो. प्रत्यक्षात ते ४एसमधून आधी जातात. म्हणून लोहाच्या द्विधन आयनात ३डीमध्ये सहा इलेक्ट्रॉन असतात, चार नव्हे. या एका चुकीमुळे पुढे चुंबकीय गुणधर्म आणि संयुगांचे रंग यांवरील उत्तरेही चुकतात.

आवर्त सारणीत डावीकडून उजवीकडे आयनीभवन ऊर्जा वाढते. पण नायट्रोजनची ऊर्जा ऑक्सिजनपेक्षा अधिक आहे. इलेक्ट्रॉन स्वीकारताना सर्वाधिक ऊर्जा फ्लोरीन देत नाही, क्लोरीन देतो. हे अपवाद शिकवणी वर्गांच्या टिपणांत ठळक अक्षरांत असतात. नायट्रोजनमधील अर्धभरलेल्या कक्षिकांचे स्थैर्य आणि फ्लोरीनच्या लहान आकारामुळे होणारे इलेक्ट्रॉनांचे प्रतिकर्षण ही त्यांमागील कारणे मात्र मागे पडतात. नवीन पद्धतीचे प्रश्न नेमके ही कारणे विचारतात.

पुढे काय?

परीक्षेने पाठांतरावरून आकलनाकडे वळावे, याविषयी फारसे दुमत नाही. तथापि प्रश्नपत्रिका बदलण्यास एक वर्ष पुरते, वर्गातील अध्यापन बदलण्यास मात्र त्याहून पुष्कळ अधिक काळ लागतो. या मधल्या काळात जो विद्यार्थी सापडतो त्याला किंमत मोजावी लागते. महागड्या शिकवणीत अशा फसव्या जागा हेरून देणारे मार्गदर्शक असतात. गावातील कनिष्ठ महाविद्यालयात प्रयोगशाळा बहुधा प्रात्यक्षिक परीक्षेच्या सुमारासच उघडत असेल, तर तेथील विद्यार्थ्याला समतोल आणि विद्युत घट केवळ फळ्यावर भेटतात. गुणवत्ता यादीत एकेका गुणामागे हजारो विद्यार्थी असताना ही विषमता थेट प्रवेशावर परिणाम करते.

उपाय फार खर्चिक नाहीत. दहावीनंतरच्या सुटीत किंवा अकरावीच्या पहिल्या महिन्यात मराठी व इंग्रजी संज्ञांची जोडयादी अर्थासह शिकविणे कोणत्याही महाविद्यालयाला शक्य आहे. 'धनाग्र' यासारख्या, पुढील इयत्तेत अडचणीचे ठरणाऱ्या प्रतिशब्दांचा पाठ्यपुस्तक मंडळांनी फेरविचार करावा किंवा निदान तळटीप द्यावी. उत्तरपत्रिका तपासताना आढळणाऱ्या सार्वत्रिक चुका मंडळांनी दरवर्षी शिक्षकांपर्यंत पोहोचविल्या, तर त्याच चुका पुढील वर्षी पुन्हा घडण्याचे प्रमाण कमी होईल. पुस्तकाच्या दोन आवृत्त्यांत व्याख्या बदलली असेल, तर तो बदल परीक्षेपूर्वी जाहीर करणे हे परीक्षा घेणाऱ्या संस्थेचे कर्तव्य ठरते.

विद्यार्थ्यांच्या हाती असलेला उपाय त्याहून साधा आहे. उत्तर आल्यावर ते शक्य आहे काय, हे क्षणभर थांबून पाहावे. आम्लाचा पीएच आठ आला, अभिक्रियेनंतरचे वस्तुमान आरंभीपेक्षा वाढले किंवा बंध तोडून ऊर्जा मिळाली, तर हिशेबात कोठेतरी चूक आहे, हे सूत्र न आठवताही कळते.

जुलै २०२४ मध्ये ज्या विद्यार्थ्यांचे पाच गुण गेले, त्यांतील अनेकांनी पुस्तक वाचले होते आणि त्यातील वाक्यावर विश्वास ठेवला होता. त्या वाक्यातील 'प्रत्येक' या शब्दापाशी थांबून, युरेनियमचे काय, असा प्रश्न विचारण्यास त्यांना कोणी शिकविले नव्हते. ही सवय वर्गात लावण्याची जबाबदारी परीक्षा मंडळांइतकीच शाळा व महाविद्यालयांचीही आहे. ती पार पडेपर्यंत प्रश्नपत्रिका कितीही सुधारली तरी गुण त्याच ठिकाणी जात राहतील.